साले पुरुगु

काचेचं भांडं हवं, साहिती म्हणाली,
थर बाहेरून दिसायला हवेत.
काचेचं एकच होतं, माझ्या लग्नातल्या आहेराचं,
अकरा वर्षं खोक्यात, पेंढ्यात.
बाहेर काढलं तर आतून
कुणाच्या तरी नावाची चिठ्ठी निघाली.
नाव वाळवीनं खाल्लेलं.

ऑक्टोबर संपत आला होता तरी
जुळे सोलापुरात दुपारी तीनला
गच्चीवर पाय ठेववत नव्हता.
लाईट गेलेली.
म्हणजे मिक्सर बंद.
म्हणजे उखळ.
अत्तय्या गेल्यापासून ते पालथंच होतं,
त्यावर मी तुळशीची कुंडी ठेवलेली.
कुंडी उतरवली. शेंगा कुटल्या.
तेल सुटेपर्यंत कुटायच्या, अशी त्यांची शिस्त;
विड्या वळता वळता त्या लांबून ओळखायच्या
आवाज ओला झालाय की नाही ते.
मी ऐकत राहिले. झाला ओला.

पाया शेंगाचटणीचा.
त्यावर काळ्या घेवड्याचा लगदा,
मग लाल भोपळा, वाफवून, लसूण घालून.
अ‍ॅव्होकॅडो म्हणून काही लागतं म्हणे.
पार्क चौकात एकाकडे होतं,
एकशे ऐंशीला एक, आणि दगड.
मी मूग उकडले, कोथिंबीर-मिरचीत घोटले.
हिरवं ते हिरवं.
साहितीनं डोळे बारीक केले, बोट चाटलं,
काही बोलली नाही. म्हणजे पास.

समोरच्या शेटेकाकू जाळीतून म्हणाल्या,
दिवाळी तोंडावर आलीय,
आणि भुतं कसली बोलावताय घरी?
मामय्या पेपरामागून म्हणाले,
आलेली तरी कुठं गेलीत अजून.

आता वर जाळं काढायचं, चक्क्याचं.
दुधाच्या पिशवीचा कोन केला, टोक कापलं.
फोनवरची बाई आधी गोल गोल काढते,
आतलं, बाहेरचं, त्याबाहेरचं,
मग काडीनं मधून ओढते. झालं जाळं.
मामय्या उठून आले.
चाळीस वर्षं चादरीच्या डिझाइनची कार्डं पाडलेला माणूस,
एकेक भोक म्हणजे मोराच्या पिसातला एक धागा.
आता चहाची बशी दोन्ही हातांनी धरतात.
उलटं करतेय ती, म्हणाले.
आधी ताणा.
ताणाच नाही तर बाणा बसेल कशावर?

कोन हातात घेतला.
हात थरथरत होता,
पहिली रेघ मुगावर अशी गेली
जशी होटगी रोडवरची सायकल, खड्डे चुकवत.
साहिती हसली. मी डोळे वटारले.
दुसरी रेघ. तिसरी.
मधोमध सगळ्या एका गाठीत आल्या,
आणि मग आडवं विणताना
त्यांचा हात थरथरायचा थांबला,
किंवा तालात थरथरू लागला,
मला नीट सांगता येणार नाही.

तेलुगूत कोळ्याला काय म्हणतात, ठाऊक आहे?
साहितीला ठाऊक नव्हतं.
ती घरात मराठी बोलते, शाळेत इंग्रजी,
तेलुगूत फक्त रागावून घेते.
साले पुरुगु, ते म्हणाले.
विणकर किडा.
आपल्याच जातीचा.
मग खिसमिसाचं पोट आणि
कारळ्याचे आठ पाय त्यांनी स्वतः लावले,
एक पाय जास्त झाला, तो खाल्ला.

सात वाजता भुतं आली.
पांढरी चादर कुणाच्याच घरी नव्हती,
म्हणून एक मोरांचं भूत,
एक कमळांचं,
एक चौकड्यांचं, ज्याच्या कडेला
कारखान्याचं नाव विणलेलं.
जिना चढताना तिन्ही एकमेकांत अडकली.

कडक भाकरीचे तुकडे ठेवले होते.
मोरांच्या भुतानं पहिला तुकडा
नेमका जाळ्याच्या मध्यावर खुपसला,
खालपर्यंत, चटणीपर्यंत,
आणि तिखटानं हाश्शहुश्श करत गच्चीभर पळालं.
मी मामय्यांकडे पाहिलं.

ते भांड्याच्या काचेवर वाकले होते,
थर मोजत.
चक्का पातळ झाला, म्हणाले.
पुढच्या वेळी पंचात नको बांधूस.
टॉवेलात बांध, आपल्या.